चित्रातलं जंगल खरं असू शकतं

नागझिऱ्याच्या परिसरात मी निसर्ग शिबिरं घेते. शिबिर संपताना पालक हमखास विचारतात, घरी गेल्यावर काय पाहावं? मुलांना काय दाखवावं, हा प्रश्न असतोच. पण आम्ही मोठ्यांनी काय पाहावं, असंही बरेच जण विचारतात. त्यावर माझं ठरलेलं उत्तर असे. माहितीपट पाहा, माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचा, किरण पुरंदऱ्यांचं ‘सखा नागझिरा’ वाचा. पण ॲनिमेशनच्या वाटेला जाऊ नका, कारण चित्रातले प्राणी जंगलाविषयी खोटं सांगतात. हे उत्तर मी वर्षानुवर्षं, पुष्कळांना दिलं आहे. आता माझं मत बदललं आहे, आणि जुनं मत ज्यांनी माझ्याकडून घेतलं त्यांना नवं मतही माझ्याचकडून कळावं, म्हणून हे लिहिते आहे. आज मी जंगलावर प्रेम करणाऱ्या प्रौढांना काही ॲनिमेशन मालिका आग्रहाने सुचवते. त्या मुलांसाठी नाहीत. त्या मोठ्यांसाठी आहेत, आणि त्यांनी मला नागझिऱ्याकडे पाहण्याची नवी रीत दिली.

जुन्या मतामागे कारण होतं. १९९३मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी बनावटीची ‘द जंगल बुक’ हिंदीत लागायची. शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. किपलिंगची गोष्ट घडते ते शिवनीचं जंगल आमच्यापासून फार लांब नाही. गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट, आणि बालाघाटला लागून शिवनी. त्या वेळी टीव्हीसमोर बसलेली मुलं आज स्वतःच्या मुलांना घेऊन नागझिऱ्याला येतात, आणि वाघ दिसला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘शेरखान!’ समोरचा प्राणी त्यांना दिसण्याआधी त्याची भूमिका दिसते.

वाघ निदान रुबाबदार खलनायक ठरला. रानकुत्र्यांच्या वाट्याला तेवढाही मान आला नाही. किपलिंगने त्यांना दख्खनमधून येऊन सगळं उद्ध्वस्त करणारी लाल धाड म्हणून रंगवलं. प्रत्यक्षातही ब्रिटिश काळात आणि त्यानंतर काही काळ रानकुत्रा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलं. नागझिरा रानकुत्र्यांसाठी ओळखला जातो. शिकार झाली की पिल्लांना आधी खाऊ देणारा, मागे राहिलेल्यांसाठी पोटातून मांस आणून भरवणारा हा प्राणी आहे. त्याला दुष्ट ठरवण्यात गोष्टींचा हात होता, असं मी मानत आले आणि आजही मानते. प्राण्याला माणसाची भाषा द्यायची, मग माणसाचा स्वभाव द्यायचा, मग त्याला चांगला किंवा वाईट ठरवायचं, यावर माझा राग होता. पण तो राग मी साऱ्या ॲनिमेशनवर काढला होता.

माझा भाचा पुण्यात ॲनिमेशन शिकला. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने लॅपटॉप समोर ठेवला. ‘मावशी, एक भाग त पाय. नाही आवडला त बंद करजो,’ एवढंच म्हणाला. मालिका होती ‘स्कॅव्हेंजर्स रेन’. २०२३मध्ये आलेली, १२ भागांची, जोसेफ बेनेट आणि चार्ल्स ह्यूट्नर या दोघांनी निर्माण केलेली. व्हेस्टा नावाच्या ग्रहाजवळ एक मालवाहू अंतराळयान निकामी होतं आणि त्यातली काही माणसं त्या ग्रहावर वेगवेगळ्या ठिकाणी अडकतात. पुढे बरीच मिनिटं कोणी काही समजावून सांगत नाही. माणसं तिथल्या जीवांमधून वाट काढत असतात, काही जीवांचा उपयोग करून घेत असतात, काहींच्या तावडीत सापडत असतात. कोणता जीव काय करतो, हे आपणच पाहून ताडायचं. पहिला भाग संपला तेव्हा मी दुसरा लावायला सांगितला.

मला त्या ग्रहावर जे दिसलं ते नागझिऱ्यातलंच होतं. उंबराचं फळ घ्या. इवलीशी मादी कीटक त्यात शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, ती आतल्या फुलांचं परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आतच माद्यांशी जुगतात आणि त्यांना बाहेर पडायला बोगदा कोरून देतात. मोहावरचं बांडगूळ घ्या. फुलटोच्या त्याचं फळ खातो, चिकट बी सहजी सुटत नाही म्हणून फांदीवर घासून टाकतो, आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. लाल मुंग्या झाडाची पानं ओढून धरतात आणि आपल्याच अळ्यांच्या रेशमाने ती शिवतात. हे सगळं मी शिबिरात तोंडाने सांगत आले. ऐकणारे माना डोलावतात, पण त्यांची नजर वाघाच्या वाटेवर असते. ‘स्कॅव्हेंजर्स रेन’मध्ये वाघच नाही. तिथे सगळ्या ग्रहाचं कामकाज म्हणजेच गोष्ट आहे. एक जीव दुसऱ्याच्या आत वाढतो, तिसरा त्या दोघांवर जगतो, आणि या साखळीत माणूस हा फक्त आणखी एक दुवा आहे.

त्यातलं केमन नावाच्या माणसाचं कथानक मला अस्वस्थ करून गेलं. एक छोटा जीव त्याचं मन ताब्यात घेतो आणि त्याच्याकडून स्वतःसाठी अन्न मिळवत राहतो. खाऊन खाऊन तो जीव अवाढव्य होतो. शेरखानच्या पद्धतीने पाहिलं तर हा खलनायक. पण मालिका तसं म्हणत नाही. त्या जीवाची भूक साधी होती. माणसाची अपराधी, पोखरलेली मनःस्थिती तिला मिळाली आणि तिचा भस्म्या झाला. दुसऱ्या बाजूला लेव्ही नावाचा यंत्रमानव आहे. त्याच्या आत तिथलीच काही वनस्पती वाढू लागते आणि तो त्या ग्रहाकडे कुतूहलाने पाहायला लागतो. एकाच ग्रहाशी दोन तऱ्हांनी नातं जुळतं. चांगलं कोण, वाईट कोण, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. असं न सांगता पाहता येणं, मला वाटतं, हीच प्रौढ प्रेक्षकाची पात्रता आहे. जंगलही आपल्याकडून तीच मागतं.

यानंतर भाच्याने ‘मुशिशी’ सुचवली. युकी उरुशिबारा यांच्या चित्रकथांवर आधारलेली, हिरोशी नागाहामा यांनी दिग्दर्शित केलेली ही जपानी मालिका २००५मध्ये सुरू झाली. पहिल्या पर्वाचे २६ भाग आहेत. गिंको नावाचा एक भटका माणूस गावोगाव फिरतो. ‘मुशी’ म्हणजे प्राणी नाहीत, वनस्पती नाहीत, भुतंही नाहीत. जीवनाच्या अगदी तळाशी असलेले, बहुतेकांना न दिसणारे जीव. त्यांच्यामुळे माणसांवर संकटं येतात. गिंको त्या जीवांना शिक्षा करत नाही. ते आपल्यासारखेच जगू पाहतात, एवढं मान्य करून तो मार्ग काढतो, आणि कधी कधी मार्ग निघतही नाही.

त्यातला जड बियाण्याचा भाग आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाने पाहावा. दुष्काळातही एका गावात भरघोस भात पिकतो, पण त्या सुगीची किंमत म्हणून गावातल्या एकाचा जीव जातो. बियाणं पेरायचं की नाही, हे ठरवणं एकाच माणसाच्या हाती आहे. तो पेरतो, गाव जगतं, आणि जिला ती किंमत मोजावी लागते ती व्यक्ती त्याच्याच घरातली असते. गोंदिया, भंडारा हा धानाचा मुलूख आहे. नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत धान आहे, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आहेत, मेमध्ये तेंदूपत्ता आहे, आणि त्याच रानात अस्वल आणि वाघही आहेत. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईची आणि मोहफुलांवरच आलेल्या अस्वलाची गाठ पडते, तेव्हा त्यात दोषी कोणी नसतं, तरी नुकसान मात्र खरं असतं. आपल्या पोटासाठी कोणाची किंमत मोजली जाते, हा प्रश्न इथे रोजचा आहे. तो इतक्या शांतपणे, कोणालाही दोष न देता विचारणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही.

या दोन मालिकांनंतर मी स्वतःला विचारलं, की चित्र मला असं काय देतं जे कॅमेरा देत नाही? उत्तर मिळालं ते जय वाघाच्या निमित्ताने. जय नागझिऱ्यातच जन्मला, २०१०मध्ये. ‘शोले’तल्या जोडीवरून त्याला आणि त्याच्या भावाला जय आणि वीरू अशी नावं मिळाली. २०१३मध्ये जय उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोचला आणि तिथे देशभर प्रसिद्ध झाला. एप्रिल २०१६नंतर तो कोणाला दिसला नाही. उमरेडमधले त्याचे फोटो हजारोंनी आहेत. पण नागझिऱ्यातून निघून तो तिथवर गेला कसा, त्याचा फोटो नाही. मधे राष्ट्रीय महामार्ग आहे, धानाची शेतं आहेत, गावं आहेत, वैनगंगा आहे. एका तरुण वाघाने हे सारं रात्री-अपरात्री ओलांडलं. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर घडला. तो दाखवायचा तर चित्रच काढावं लागेल. त्या चित्राला खोटं म्हणायचं कारण नाही. वाघाच्या पावलांचा, वाटांचा, सवयींचा अभ्यास करून काढलं तर ते फोटोइतकंच जबाबदार असेल. माडगूळकर लेखक होते तसे चित्रकारही होते. पाहणं आणि रेखाटणं या एकाच शिस्तीच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्याकडे पाहून मला फार आधी कळायला हरकत नव्हती.

कॅमेऱ्याची आणखी एक मर्यादा अलीकडे आपण पाहिली. २०२४च्या अखेरच्या दिवशी त्याच उमरेडच्या जंगलात पाच बछड्यांना घेऊन निघालेल्या वाघिणीला पर्यटकांच्या गाड्यांनी अडवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. फोटोसाठी प्राण्याची वाट अडवावी लागते, रेखाटण्यासाठी लागत नाही. नवेगाव-नागझिरा २०१३च्या डिसेंबरमध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, गाड्या वाढल्या, अपेक्षा वाढल्या. वाघ दिसला नाही म्हणून रुसून परतणारे पालक मी नेहमी पाहते. ज्याची नजर आधी एखाद्या संथ, बारकाईच्या मालिकेने तयार केली आहे तो पाणवठ्यावर तासभर बसू शकतो, असा माझा आता अनुभव आहे.

जंगलाबाहेरच्या गोष्टींतही चित्राचं हे बळ मला दिसू लागलं. ‘बोजॅक हॉर्समन’ ही २०१४ ते २०२० अशी सहा पर्वं चाललेली मालिका आहे. तिच्यात घोड्याचं तोंड असलेला, दारूत बुडालेला नट आहे, म्हणजे बोलणारा प्राणीच! नाव ऐकून मी नकार देणार होते. पण इथे प्राण्याला माणूस करून जंगलाविषयी काही सांगायचंच नाही. माणसाविषयी सांगायचं आहे. चौथ्या पर्वात बोजॅकच्या आईला स्मृतिभ्रंश झालेला असतो आणि एक अख्खा भाग तिच्या विस्कटलेल्या आठवणींमधून दाखवला आहे. जे चेहरे ती विसरली ते कोरे आहेत. एक चेहरा मात्र काळ्या रेघांनी खोडून टाकलेला आहे, कारण तो तिला आठवायचाच नाही. ज्यांनी घरात हा आजार पाहिला आहे त्यांना या दोन प्रकारच्या विसरण्यातला फरक वेगळा सांगावा लागणार नाही. कॅमेऱ्याने हे दाखवायला गेलं तर युक्ती वाटेल. रेषेने दाखवलं की ते मन वाटतं.

आपल्याकडे मोठ्या माणसांनी चित्रं पाहत गोष्ट ऐकणं नवीन नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्यांमधली चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगत आले. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमाराला आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३४मध्ये ‘जंबू काका’ काढला. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या सुरुवातीच्या कामांत जातकातल्या हरणाच्या राजाची गोष्ट होती. १९७४ची ‘एक अनेक और एकता’ विजया मुळे यांची. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ २०१९मध्ये आला. मुंबईत पोट भरायला आलेल्यांची ती प्रेमकथा एकेक चित्र रंगवून केली आहे आणि ती पूर्णपणे मोठ्यांची आहे. म्हणजे मध्यंतरी आपणच हे माध्यम मुलांच्या खोलीत नेऊन ठेवलं.

झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला तर मी ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’ जरूर सुचवेन. धान निघालं की आमच्याकडे मंडई, शंकरपट आणि रात्रभराची नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात. ही जपानी मालिका राकुगो या कथनकलेवर आहे. एक कलावंत उशीवर बसतो, हातात पंखा आणि रुमाल, आणि तेवढ्यावर सगळी पात्रं उभी करतो. करमणुकीची नवी साधनं आल्यावर ही कला टिकेल का, ती शिष्याला द्यावी की आपल्याबरोबर संपू द्यावी, या प्रश्नाने एक वयस्क कलावंत पोळत राहतो. २०१६ आणि २०१७ अशा दोन पर्वांत ती पूर्ण होते. आमच्या दंडारीच्या म्हाताऱ्या कलावंतांना हा प्रश्न तोंडपाठ आहे.

जुन्या मतातला एक भाग मी सोडलेला नाही, आणि तोही सांगायला हवा. प्राण्याला खलनायक करणारी चित्रं आजही मी मुलांना दाखवत नाही. शिवाय ‘प्रौढांसाठी’ या शिक्क्याखाली नुसता रक्तपात आणि शिव्या विकणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत. त्या मोठ्यांच्या नाहीत, फक्त मुलांसाठी बंद आहेत. रक्तपात असूनही मी ज्याची शिफारस करते ते ‘प्रायमल’. गेंडी टार्टाकोव्स्की यांची २०१९ची ही मालिका जवळजवळ शब्दांशिवाय चालते. एक आदिमानव आणि एक डायनोसॉर, दोघांचीही कुटुंबं मारली गेलेली, एकत्र जगायला शिकतात. तिच्यातली हिंसा कठोर आहे. पण मरणाचं दुःख तिथे प्राण्यालाही आहे आणि ते बोलून दाखवलेलं नाही. लहान मुलं झोपल्यावरच ती लावा. ‘बोजॅक’लाही व्यसनाचे आणि आत्मनाशाचे अंधारे कोपरे आहेत, मन हळवं असेल त्या दिवसांत ती टाळा.

आता कोणी पालक विचारतात तेव्हा मी क्रम सांगते. आधी ‘मुशिशी’, तिचा प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, आठवड्याला एक पुरे. मग ‘स्कॅव्हेंजर्स रेन’, पण घाई न करता. त्यानंतर ज्याला माणसाच्या मनाकडे वळायचं त्याने ‘बोजॅक’, ज्याला शब्द नकोत त्याने ‘प्रायमल’. मालिकेला वेळ नसेल तर दोन छोट्या वाटाही आहेत. २०२०चा ‘वेड’, म्हणजे इंग्रजीत पाण्यातून चालणं, हा कोलकात्याच्या घोस्ट ॲनिमेशनचा लघुपट आहे; समुद्र चढल्यावर बुडालेल्या कोलकात्यात माणसं आणि वाघ समोरासमोर येतात. आणि लॅटव्हियाचा ‘फ्लो’, ज्याला २०२५मध्ये ऑस्कर मिळालं. पुरात सापडलेलं मांजर आणि त्याचे सोबती संपूर्ण चित्रपटात एक शब्दही बोलत नाहीत, आणि आपण त्यांच्यापासून क्षणभरही दूर जात नाही.

‘फ्लो’ ज्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर झाला ते कोणालाही फुकट मिळतं. म्हणून माझी मागणी आता पाहण्यापुरती उरलेली नाही. जयचा तो प्रवास, रानकुत्र्यांच्या टोळीचं एक वर्ष, मोहाच्या एका झाडावर अवलंबून असलेले सगळे जीव, धानाच्या बांधीतल्या सारसांची जोडी: यातली प्रत्येक गोष्ट प्रौढांसाठीच्या मालिकेच्या तोलाची आहे, आणि ती झाडीबोलीत होऊ शकते. मुंबईच्या किंवा बाहेरच्या कोणी ती करण्याची वाट पाहू नये. तिरोडा, गोरेगाव, सडक-अर्जुनी, साकोलीच्या कॉलेजांत चित्रं काढणारी मुलं-मुली आहेत, आणि त्यांना या जंगलाच्या वाटा ठाऊक आहेत. माझ्या वह्यांत पाणवठ्यांच्या, पायठशांच्या, फुलण्या-फळण्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. जो कोणी हे काम हाती घेईल त्याला त्या सगळ्या देण्याचं मी आज इथे कबूल करते.